डबल बेलवाले काका

आमच्या घरमालकाकडं जेवाले बसलं का तोंडानं काही मागाचं काम नसे. काका दोन बोटांनी ताटाच्या काठावर ठोकत. एक ठोका म्हणजे पुरे. दोन ठोके म्हणजे वाढ. काकू सैपाकघरात पाठमोऱ्या असल्या तरी त्यायले बरोबर समजे. पहिल्याच दिवशी ताट जवळ ओढता ओढता माहा चमचा ताटाले दोनदा लागला, तं काकूनं वरणाचा गंज, अख्खं पातेलंच, माह्या भातावर वाकडं केलं.

मी म्हटलं, "नको ना जी काकू, पोट भरलं."

काका म्हणे, "बेल कोणं देल्ली? तूच ना? आता गाडी सुटली. खा."

काका एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. तीस वर्षं केली, मंग रिटायर होऊन सिंदी मेघेले घर बांधलं अन् वरच्या दोन खोल्या आमच्यासारख्या शिकणाऱ्या पोट्ट्यायले भाड्यानं देल्ल्या. मी कारंज्याचा. पॉलिटेक्निकसाठी वर्ध्याले आलतो, अन् दोन वर्षं त्या घरात नाई, तं एका उभ्या गाडीत राह्यलो असंच मले वाटते.

ज्यायनं जुनी लाल गाडी पाह्यली नाई त्यायच्यासाठी सांगतो. गाडीच्या आत छताले एक दोरी असे. मागच्या दारापासून थेट डायवरच्या डोक्यावरच्या घंटीपर्यंत. कंडक्टरनं एकदा ओढली का डायवरनं थांबाचं. दोनदा ओढली का चला. बस, एवढीच भाषा. काकाचा सारा संसार या भाषेत चाले. पाण्याची मोटर चालू करा, तं काका पाइपावर लोखंडी पान्यानं दोनदा ठोकत. टाकी भरली, एकदा. मी बाहेर निघालो का दाराजवळच्या एकट्या खुर्चीवरून आवाज ये, "कुठून कुठं?"

"कॉलेजले, काका."

"परत?"

"पाच वाजता."

"बरं. दारात उभं नको राहू. पुढं सरक, पुढं सरक, मागून माणसं येऊन राह्यली."

मागून कोणीच येत नसे. एखादी मांजर असली तं असली.

लग्नात गेले का मांडवात पाय ठेवल्या ठेवल्या एक नजर फिरवत अन् काकूच्या कानात सांगत, "बसलेले एकशे चाळीस, उभे बावीस." मंग म्हणत, "उभ्यायले पहिले वाढा म्हणा, ते पुढच्या स्टॉपले उतरन."

खोटं बोलणं त्यायले जमत नव्हतं, हा त्यायचा गुण अन् आमचा ताप. एकदा माह्या बाबाले माहा फोन लागला नाई म्हणून त्यायनं काकाले लावला. "पोरगं अभ्यास करून राह्यलं ना जी?" काका माह्या खोलीत डोकावले, परत गेले अन् फोनवर म्हणे, "नाई. झोपला हाय. आंघोळ बी नाई केली. पण तब्येत चांगली हाय." मी तेव्हा उशीखाली तोंड घालून ऐकत होतो.

मी उलीशा, म्हणजे थोड्याबहुत, नकला करतो. दोस्त खोलीवर आले का पहिली फर्माइश, "काका कर बे." नक्कल करासाठी माणूस बारीक पाहावं लागते, अन् पाहता पाहता मले एक गोष्ट दिसली. काका घाईत असले, का कशाची वाट पाहत असले, का त्यायची डावी दोन बोटं जे सापडन त्याच्यावर दोनदा ठोकत. खुर्चीचा हात, गेट, सोताचा गुडघा. एकदा तं शेजारच्या गाईची पाठ. टुक टुक. गाय चालाले लागली. मी काकाले म्हटलं, "तुमचा हात आपोआप बेल देते जी." तं असे रागावले का विचारू नका.

"माहा हात मले इचारल्याशिवाय हालत नाई. समजलं? तीस वर्षं या हातानं गाडी सोडली अन् थांबवली. डायवर तं फक्त स्टेअरिंग फिरवे."

डायवर म्हणल्यावर ते उलीसे थांबले अन् उठून आत गेले. मले वाटलं, चहा प्याले गेले.

आता कानातल्या भानगडीचं सांगतो. काकाले डाव्या कानानं कमी ऐकू ये, पण हे घरात म्हणाची सोय नव्हती. फोन सदा स्पीकरवर. पुण्याच्या पोरीनं "बाबा, जेवले का?" विचारलं का आमच्या गल्लीतली चार घरं हौ म्हणत. शेवटी पोरीनंच एक पांढरी डबी पाठवली. आत दोन इअरबड. काकानं डबी उघडली, चष्म्यावरून पाह्यलं, अन् काकूले म्हणे, "हे दोन शेंगदाणे कायले पाठवले व पोरीनं?"

शिकवाचं काम माह्याकडं आलं. आम्ही वऱ्हांड्यात बसलो.

"हे पाहा काका. फोन वाजला का एकदा बोट लावाचं, फोन उचलला जाते. बोलणं झालं का दोनदा लावाचं, फोन कट. गाणं चालू असलं तं एकदा लावलं का थांबते, दोनदा लावलं का पुढचं गाणं. अन् बोट दाबून धरलं का बाहेरचा आवाज बंद."

"थांब. फोन चालू हाय. मी दोनदा लावलं. काय होईन?"

"कट."

"डबलनं कट?"

"हौ."

"अन् सिंगलनं चालू?"

"हौ ना."

काकानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "कोणं बनवलं बे हे? सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चला. उद्या कोणी सांगन का लाल दिव्यावर जा अन् हिरव्यावर थांबा, तं जाशील काय तू?"

"कंपनी कंपनीचं वेगळं असते, काका."

"डेपो वेगळे असते. बेल एकच असते."

मी मोबाइलात जाऊन ते बदलाले पाह्यलं. गाण्याचं बदलता येत होतं, फोनचं काही केल्या बदलत नव्हतं. काका म्हणे, "राहू दे. मीच बदलतो. माहा हात हाय, सांगतलं तसा वागन."

वागला नाई. इअरबडले बोट हलकं टेकवाचं असते, काकाचा हात दोरी ओढणारा. ते सोताच्या कानाले टिचक्या मारत फिरत. गल्लीतल्या एका मास्तरनं थांबवून विचारलं, "कानात किडा गेला काय जी?" दुपारी कुशीवर पडले का उशीनं शेंगदाणा दाबला जाये, बाहेरचा आवाज बंद होये, अन् काकू चहा घे चहा घे करून थकत. फोनचं तं विचारूच नका. फोन आला का काका खुशीत एकदा बोट लावत, "हं, चला, बोला!" म्हणत, अन् चला म्हटलं का बोटं आपोआप कानावर. टुक टुक. कट. हिंगणघाटच्या त्यायच्या भाऊजीनं तीनदा लावला, तीनदा कट झाला. चौथ्या खेपेले त्यायनं काकूच्या फोनवर लावून सांगतलं, "बोलाचं नसन तं तसं सांगा म्हणावं, अपमान नका करू."

मी माहा मोठा हेडफोन आणून देल्ला. त्याले बाजूले खरंखुरं बटन होतं. काकानं डोक्यावर घातला, बटन खटखट दाबलं, अन् खूश झाले.

"हे बरं हाय. बटन दाबलं का बोटाले समजते. त्या शेंगदाण्याले नुसता हात लागला का तो काम करून मोकळा. आपण काम सांगतलं होतं का नाई, हे बी मालूम नाई पडत."

मी म्हटलं, "मंग हाच ठेवा."

"नाई. हे घालून दुकानात गेलो तं लोक म्हणन, हेलिकॉप्टर चालवाले चाल्ला. अन् पोरीनं पाठवलेलं हाय ते."

मंग एका रविवारी सकाळी तो फोन आला.

काका खुर्चीत बसून कानात भजन ऐकत होते. मी अंगणातल्या नळावर बादली लावली होती. फोन स्टुलावर पडला होता, त्याच्यावर नाव आलं, 'डायवर'. काकू उंबरठ्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यायचे हात थांबले. काका त्या नावाकडं पाहतच राह्यले. मंग कानाले एकदा बोट लावलं.

"हं. हौ, मीच. बोल. बोल ना. बोल ना बाप्पा..." अन् एकदम, "हॅलो? हॅलो?"

फोन कट झाला होता. काकानं उलटा लावला. वाजला, कोणी उचलला नाई. परत लावला, तं बंद.

"कट केला त्यानं," काका म्हणे.

काकू म्हणे, "त्यायनं काऊन कट करावं? त्यायनंच तं लावला."

माह्यानं राहवलं नाई. मी म्हटलं, "काका, तुमच्या हातून कट झाला. दोनदा बोट लावलं तुम्ही."

"मी हातच नाई लावला. हात इथं होता, खुर्चीवर."

"लावला जी. मी पाह्यलं."

"म्हणजे मी खोटं बोलून राह्यलो?"

काकू तांदळाच्या सुपाकडं पाहून हळूच म्हणे, "तवाही असंच म्हटलं होतं तुम्ही."

काका उठले अन् मागच्या अंगणात निघून गेले. काकूनं मले जवळ बसवून सांगतलं ते असं.

हा डायवर जाम गावचा. तो अन् काका नऊ वर्षं एकाच गाडीवर होते. एका डब्यात जेवत. डायवरची लहान पोरगी शाळेत जाताना काकाच्या सीटवर बसून जाये. एका बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली होती. जामच्या अलीकडं एका फाट्यावर एक म्हातारी गाठोडं घेऊन उतरत होती, तिचा एक पाय अजून पायरीवर होता, अन् गाडी निघाली. म्हातारी पडली, हात मोडला. डायवर म्हणे, मले डबल बेल आली म्हणून मी गाडी काढली. काका म्हणे, मी बेल देल्लीच नाई. गर्दीच्या कल्ल्यात बाकी कोणालेच सांगता येईना. काका खोटं बोलत नाई हे अख्ख्या डेपोले ठाऊक, अन् त्यायनं तसं कागदावर लिहूनही देल्लं. डायवरले गाडीवरून उतरवलं अन् टायरच्या खोलीत बसवलं. रिटायर होईपर्यंत तो तिथंच बसला.

"बारा वर्षं झाली," काकू म्हणे. "हे म्हणत तो खोटा, तो म्हणे हे खोटे. आता त्या पोरीचं लग्न हाय. त्याच्यासाठीच लावला असन रे त्यानं फोन. किती मन मारून लावला असन, अन् यायनं कापला."

तेवढ्यात काका परत आले. राग उतरला होता. सीधे माह्यासमोर उभे राह्यले.

"तू माह्या नकला करतं ना? मले मालूम हाय, वरून आवाज येते. करून दाखव. आता मी काय केलं ते."

मी काकूकडं पाह्यलं. काकूनं मान हलवली.

मी त्यायच्या खुर्चीत बसलो. मान खाली घातली, डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. "हौ, मीच. बोल. बोल ना." इथं हात उचलला, कानाशी नेला, शेंगदाणा नीट बसवल्यासारखी दोन बोटं लावली, टुक टुक, अन् हात परत खुर्चीवर. "बोल ना बाप्पा. हॅलो? हॅलो?"

"पुन्यांदा कर."

मी पुन्यांदा केलं.

"हळू कर. हात कवा उचलला मी?"

"दुसऱ्या 'बोल'ले, काका."

तिसऱ्या वेळी मी एकदम हळू केलं. काकाची नक्कल मी शंभरदा केली असन, अन् दरवेळी पोट्टे लोळून हासले. त्या दिवशी वऱ्हांड्यात मांजरसुद्धा हालली नाई. काका सोताच्या डाव्या हाताकडं पाहत होते. सीटखाली राह्यलेलं कोण्या पॅसेंजरचं सामान पाहावं, तसं.

"गाडी लेट होती त्या दिवशी," ते म्हणे. "वरची दांडी धराले जागा नव्हती. मी दोरीले धरूनच उभा होतो."

काकूनं सूप बाजूले ठेवलं.

"मले खरंच वाटे व, का मी नाई देल्ली. तुही शपथ." मंग माह्याकडं वळून म्हणे, "उद्या कॉलेज बुडवशील काय? मले जामले जाचं हाय. तू पाह्यलं हाय, तू संग चाल."

मी म्हटलं, माही मोटरसायकल काढतो. तं नाई म्हणे, लाल गाडीनं जाऊ. शेंगदाणे डबीत घालून घरी ठेवले. गाडीत आता दोरी नाई, घंटीचं बटन असते, पण काका साऱ्या रस्त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. कंडक्टर पोरगी होती. तिनं विचारलं, "आजोबा, थंडी वाजून राह्यली काय?" काका म्हणे, "नाई बाई, तुह्या गाडीले हात लागाले नको."

जामच्या चौकात चारी बाजूनं ट्रकच ट्रक. डायवरच्या पोराचं पंक्चरचं दुकान रोडलेच लागून आहे, मागं घर. दुकानासमोर विटांवर एक सीट मांडली होती, भंगारातल्या बसमधली डायवरची सीट, अन् तिच्यावर एक उंच, वाळका म्हातारा रोडकडं तोंड करून बसला होता. बाजूले पोराचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, उभा होता, टायर आणाचा.

म्हाताऱ्यानं काकाले पाह्यलं. उठला नाई.

"फोन कापून मंग पायानं येते काय माणूस?" तो म्हणे.

"मी कापला नाई..." काका बोलता बोलता थांबले. "हौ. मीच कापला. हातून कापल्या गेला, मले समजलंच नाई. या पोट्ट्यानं दाखवलं तवा समजलं."

"हेच सांगाले आला?"

"नाई. पहिलचं सांगाले आलो. त्या दिवशी बेल मीच देल्ली असन."

"असन?"

एक ट्रक हॉर्न मारत गेला. काका तो जाईपर्यंत थांबले.

"देल्ली. डबल देल्ली. माह्या हातानं देल्ली. म्हातारी पायरीवर होती अन् मी बेल देल्ली."

म्हाताऱ्यानं डोळ्यावरून हात फिरवला. मले वाटलं, आता हा शिव्या देईन. तो म्हणे, "मले ऐकू आलती. टणटण. चांगली ऐकू आलती."

"मले नाई आली रे."

"पण तू नाई म्हणला ना. अन् तू तं खोटं बोलत नाई. मंग दोन-चार वर्षांनी मलेच वाटाले लागलं, बेल आलीच नसन, आपलेच कान वाजले असन. ज्याचे कान नसलेली बेल ऐकते, त्यानं काय गाडी चालवाची? पोरानं हा छोटा हत्ती घेतला त्याले पाच वर्षं झाली. मी चाबी हातात नाई धरली एक दिवस."

मले तं तिथून पळून जावं वाटलं.

म्हाताऱ्यानं मागं वळून हाक मारली, "अवो, बाहेर ये वं."

त्यायची बायको बाहेर आली. कणीक मळत होती, हात मनगटापर्यंत भरले होते. काकाले पाह्यलं अन् पदर नीट केला नाई, बसा म्हटलं नाई.

"सांग हिले," म्हातारा म्हणे. "गावात म्हातारी पाडणारा डायवर म्हणत, ते हिनं ऐकलं. मी नाई."

काकानं पुन्हा सांगतलं. सारं. दोरी, गर्दी, डबल. वहिनी म्हणून सुरुवात केली. बाई ऐकत होती. झाल्यावर आत गेली. आम्हाले वाटलं, झालं, आता दार लावते. ती परत आली तं हातात लग्नाच्या यादीची वही अन् पेन.

"तोंडानं काय जी, तोंडानं कोणीही सांगते," ती काकाले म्हणे. "तवा नाई म्हणून लिहून देल्लं होतं ना? आता हौ म्हणून लिहून द्या."

काका टायरांच्या थप्पीवर बसले. वही मांडीवर घेतली, अन् चालत्या गाडीत तीस वर्षं लिहिलेल्या सरळ अक्षरात लिहिलं, 'लेखी देतो की त्या दिवशी डबल बेल माझ्या हातून दिल्या गेली. ड्रायव्हरने बेल ऐकूनच गाडी काढली. ड्रायव्हरची काहीही चूक नाही.' खाली कोंबडीच्या पायासारखी सही केली.

बाईनं वही दूर धरून एक एक शब्द बोट ठेवून वाचला. कागदावर कणकेचे ठसे उमटले.

"हे सही कोणाले समजन? पूरं नाव लिहा. बापाच्या नावासगट."

काकानं पूरं नाव लिहिलं. बाईनं पान फाडलं, नवऱ्याच्या हातात देल्लं. म्हाताऱ्यानं ते वाचलं का नाई, मले सांगता येत नाई. चष्मा नव्हता. तो बराच वेळ कागदाकडं पाहत होता. मंग घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला, सीटवरून उठला, अन् बायकोले म्हणे, "छोट्या हत्तीची चाबी आण. यायले स्टँडवर सोडून येतो."

पोरगा दुकानातून म्हणे, "बाबा, मी सोडतो ना."

"तुले कोणं म्हटलं?"

बाई आत गेली, चाबी घेऊन आली. म्हाताऱ्यानं गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, आरशात पाह्यलं अन् तसाच थांबला. मागं हायवे होता, ट्रक येऊन राह्यले होते. बाईनं हे पाह्यलं. ती पदर खोचून थेट रोडच्या मधात जाऊन उभी राह्यली, अन् कणकेचे दोन्ही हात वर करून तिनं दोन्हीकडचे ट्रक थांबवले.